काटकोन, समांतर रेषा आणि ढाळ : घराची आखणी दोरी-टेपने बिनचूक कशी करावी

हॉलमध्ये टाइल्स बसायला लागल्या की खरी गोष्ट बाहेर येते. एका भिंतीशी पूर्ण टाइल बसते आणि समोरच्या टोकाला चार इंचांपासून दीड इंचापर्यंत निमुळती होत गेलेली पट्टी कापावी लागते. घरमालक टाइलवाल्यावर चिडतो. टाइलवाल्याचा दोष नसतो, खोलीच काटकोनात नसते. ती चूक जमिनीवर फक्की (आखणीची पांढरी पूड) टाकली त्या सकाळी झालेली असते.

कोपऱ्यात १ अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही. त्याच कोपऱ्यातून निघालेली भिंत ३० फुटांवर पोहोचते तेव्हा ती सव्वासहा इंच बाजूला गेलेली असते. म्हणून जागेवर कोन कोनमापकाने किंवा छोट्या गुण्याने (काटकोनी पट्टीने) ठरवायचा नसतो, तो लांबीने ठरवायचा. ढाळाचंही तसंच आहे. ‘उतार दिसतोय ना, बास’ असं म्हणून चालत नाही, दोन टोकांच्या पातळीतला फरक आकड्यात सांगता आला पाहिजे.

पुढच्या सगळ्या टप्प्यांत एकच उदाहरण धरलं आहे : ३६ फूट लांब, २८ फूट खोल, सरळ चौकोनी घर. तुमची मापं वेगळी असतील, पण क्रम हाच ठेवा. निम्म्या चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात.

## तयारी : सामान गोळा करा आणि आधी ते तपासा

लागणारं सामान असं : १०० फुटी दोन टेप (शक्यतो स्टीलचे), सळईचे दीड-दोन फुटी तुकडे खुंट्यांसाठी, नायलॉनची दोरी, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), मोठा गुण्या, दोन फुटी पाणसळ (बुडबुड्याची पातळीपट्टी), ४०-५० फूट पारदर्शक नळी, फक्की आणि मार्कर. माणसं तीन. दोघांत आखणी होते, पण टेपचं एक टोक कुणीतरी पायाने दाबून धरतं आणि तिथे अर्धा इंच जातो.

टेप : मापांना पूर्ण कामभर एकच टेप वापरा. दुसरा फक्त काटकोन टाकताना लागतो, तो आधी पहिल्याशी ताडून घ्या. कापडी किंवा फायबरचा जुना टेप ताणला जातो. काही टेपचा शून्य कडीच्या बाहेरच्या काठावर असतो, तर काहींचा पट्टीवर थोडा आत छापलेला असतो. हे काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी बघून घ्या. टोक तुटलेलं असेल तर ‘१ फुटापासून धरू’ असं ठरतं आणि चौथ्या मापाला तो १ फूट वजा करायचा राहून जातो. त्यापेक्षा नवा टेप घ्या.

गुण्या : सरळ काठाचा प्लायचा तुकडा घ्या. काठाला गुण्या लावून उभी रेघ मारा. आता गुण्या उलटा करून, त्याच बिंदूवर, दुसऱ्या बाजूने रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर आहे. सरळ रेषेवरचे लगतचे दोन कोन मिळून १८० अंश होतात. गुण्या ८९ अंशांचा असेल तर ८९ आणि ८९ मिळून १७८ होतात आणि मध्ये २ अंशांची फट उघडी पडते. म्हणजे दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. बाजारातून आणलेला नवा गुण्याही असाच तपासून घ्यावा, पडलेला तर घ्यावाच.

पाणसळ : कट्ट्यावर ठेवून बुडबुडा कुठे आहे ते बघा, मग पाणसळ तिथेच टोकं बदलून फिरवून ठेवा. बुडबुडा त्याच जागी आला पाहिजे. पहिल्यांदा डावीकडे आणि दुसऱ्यांदा उजवीकडे गेला, तर कट्टा ठीक असेलही, पाणसळ मात्र बिघडलेली आहे.

पाण्याची नळी : पाणी भरताना हवा राहू देऊ नका. दोन्ही टोकं शेजारी धरली की पाणी अगदी एका रेषेत दिसलं पाहिजे. फरक दिसला तर कुठेतरी बुडबुडा अडकला आहे किंवा नळीला पीळ पडला आहे.

इशारा : मापताना नळीची दोन्ही तोंडं उघडी हवीत. एकाने अंगठा दाबून ठेवला तर पाणी हलत नाही आणि दाखवली जाणारी पातळी निव्वळ खोटी असते. ही चूक रोज कुठेतरी होते.

एकक : नकाशा मीटरमध्ये आणि मिस्त्री फुटात, हे आपल्याकडे नेहमीचंच. आखणीच्या आदल्या दिवशी सगळी मापं एका एककात लिहून काढा आणि तो कागद जागेवर ठेवा. फूट धरत असाल तर १ फूट म्हणजे १२ इंच आणि १ इंच म्हणजे ८ सूत. कॅल्क्युलेटरवर ४५.६ आलं म्हणजे ४५ फूट ६ इंच नव्हे. ०.६ ला १२ ने गुणा. उत्तर ७ इंच आणि थोडं वर येतं. या एका चुकीमुळे बरोबर आखलेला चौकोन ‘चुकला’ म्हणून मोडलेला पाहिला आहे.

## टप्पा १ : आधी प्लॉटचा आकार समजून घ्या

प्लॉटच्या चार बाजू मोजल्या म्हणजे प्लॉट कळला, असं बहुतेक जण धरून चालतात. चार बाजूंनी आकार पक्का होत नाही. बाजू तेवढ्याच ठेवून चौकोन वाकडा करता येतो. त्रिकोण मात्र तीन बाजूंनी पक्का होतो. म्हणून निदान एक कर्ण मोजलाच पाहिजे, दोन्ही मोजले तर उत्तम.

३० × ४० चा प्लॉट घ्या. खरा काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट येतील. समजा एक कर्ण ४६ फूट आला. मग दुसरा ५३ फूट ८ इंचांच्या आसपास येईल आणि क्षेत्रफळ १२०० नाही, साधारण ११८५ चौरस फूट भरेल. बाजू कागदावर आहेत तितक्याच आहेत, जागा मात्र कमी आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची जी रीत गावोगावी चालते, ती वाकड्या प्लॉटचं क्षेत्रफळ नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. विकणाऱ्याला ती आवडते यात नवल काय. कर्ण टाकून दोन त्रिकोण करा आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ तीन बाजूंवरून काढा.

हद्द कुठे आहे हे मात्र तुमच्या टेपने ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा. इथे आपण फक्त प्लॉट किती वाकडा आहे ते बघतो आहोत, कारण पुढच्या टप्प्यात त्यावरूनच निर्णय घ्यायचा आहे.

तपासणी : चार बाजू आणि दोन कर्ण, असे सहा आकडे कागदावर आले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : पातळीची खूण

दोरी लावायच्या आधी एक कायमची पातळी ठरवा. शेजारची पक्की भिंत किंवा जुन्या घराचं जोतं, असं काहीही चालेल जे काम संपेपर्यंत हलणार नाही. झाडावर किंवा ताज्या मातीत ठोकलेल्या खुंटीवर खूण करू नका. जोत्याची उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजा, कडेपासून नाही. डांबराचे थर चढत जातात आणि दहा-पंधरा वर्षांत रस्ता घराच्या बरोबरीला येतो. तेवढी जागा आधीच धरा.

ही खूण पुढे कॉलम उभे राहिले की नळीने प्रत्येक कॉलमवर न्यायची, तयार फरशीच्या पातळीपासून बरोबर ३ फूट वर. त्यानंतर घरातलं प्रत्येक उभं माप या रेघेवरूनच खाली किंवा वर घ्यायचं. जमिनीवरून कधीच नाही.

## टप्पा ३ : आधाररेषा एकच

सगळी आखणी एका रेषेवर उभी असते. प्लॉट वाकडा असेल तर चारही हद्दींना घर समांतर असू शकत नाही. एक बाजू निवडावीच लागते. बहुतेक वेळा ती रस्त्याकडची असते, कारण घराचा दर्शनी भाग रस्त्याला तिरका दिसला की सगळ्यांना खटकतो. मागच्या बाजूला शिल्लक राहणारा त्रिकोणी तुकडा कुणाला दिसत नाही, तिथे धुणंभांड्याची जागा होते.

कंपाउंड वॉल सरळच असेल असं गृहीत धरू नका. तिच्या दोन टोकांपासून लंब अंतर घ्या, मधे कुठेही भिंतीला दोरी टेकवू नका.

लंब अंतर घ्यायची सोपी रीत : टेपचं एक टोक खुंटीवर धरा आणि दुसरं टोक भिंतीवरून डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा. सर्वांत कमी जो आकडा दिसेल तेच लंब अंतर. बिंदूपासून रेषेपर्यंतची सर्वांत छोटी वाट लंबाचीच असते. तिरका टेप नेहमी जास्त दाखवतो.

आता आधाररेषेवर ३६ फुटांवर दोन खुंट्या ठोका. समोरून बघताना डावीकडची ‘अ’, उजवीकडची ‘ब’. खुंटीच्या डोक्यावर मार्करने बारीक अधिक चिन्ह काढा, मापं त्या चिन्हापासूनच घ्यायची. खुंटीच्या कधी आतल्या तर कधी बाहेरच्या काठापासून मोजलं की सळईच्या जाडीएवढी चूक तिथेच झाली.

इशारा, उताराच्या जमिनीसाठी : कोकणात किंवा घाटमाथ्यावर जमीन सपाट नसतेच. टेप जमिनीला चिकटवून मोजू नका, तो आडवा धरा. ३६ फुटांत जमीन ४ फूट खाली जात असेल आणि तुम्ही टेप जमिनीवरून नेलात, तर आडवं अंतर ३५ फूट ९ इंचांच्या जरासं वर भरतं. अडीच इंचांहून जास्त गेले. टेप आडवा ताणून धरायचा आणि वरच्या टोकापासून ओळंबा सोडून खाली खूण करायची. एका दमात जमत नसेल तर दहा-बारा फुटांच्या पायऱ्या करत उतरा.

## टप्पा ४ : काटकोन, आणि तो मोठ्या त्रिकोणाने

३-४-५ ची रीत प्रत्येक मिस्त्रीला येते. तीन फूट इकडे, चार फूट तिकडे, तिरकं पाच आलं की काटकोन. रीत शंभर टक्के बरोबर आहे, फक्त त्रिकोण फार लहान घेतला जातो.

हिशेब बघा. ३-४-५ फुटांच्या त्रिकोणात कर्णाचं माप पाव इंच चुकलं, तर कोन जवळपास अर्ध्या अंशाने बिघडतो. ती रेषा २८ फुटांपर्यंत ओढली की टोक जवळजवळ ३ इंच बाजूला जातं. पाव इंच म्हणजे दोन सूत. दोरीच्या जाडीत आणि टेपच्या ढिलाईत एवढं सहज निघून जातं.

उपाय साधा आहे. ज्या बाजूची लांबी हवी आहे तीच त्रिकोणाची एक बाजू करा. आपल्याला २८ फूट हवे आहेत. ३-४-५ ला ७ ने गुणलं की २१-२८-३५ मिळतात. तेव्हा :

१. ‘अ’ पासून आधाररेषेवर २१ फुटांवर तात्पुरती खुंटी ठोका.

२. एक टेप ‘अ’ पासून आणि दुसरा या तात्पुरत्या खुंटीपासून धरा.

३. तिसरा माणूस दोन्ही टेप हातात घेऊन मागे जातो. पहिल्यावर २८ आणि दुसऱ्यावर ३५ जिथे एकत्र येतील, तिथे ‘ड’ खुंटी.

दोन्ही टेप सारखेच ताणलेले हवेत आणि मधे वाळूचा ढीग, विटा, झुडूप काही नको. टेप ढिगाला टेकला की तो सरळ रेषा राहत नाही आणि माप फुगतं.

या त्रिकोणात तीच पाव इंचाची चूक झाली तरी ‘ड’ टोक अर्धा इंचसुद्धा हलत नाही. मेहनत तेवढीच, फक्त टेप लांब सोडायचा.

तुमची बाजू ३, ४ किंवा ५ च्या पटीत नसेल, म्हणजे समजा २६ फूट ६ इंच, तर आधी जवळचा मोठा त्रिकोण (१८-२४-३०) टाकून दिशा पक्की करा आणि मग त्याच दोरीवर अडीच फूट पुढे जा. शेवटचे अडीच फूट पुढे ओढल्याने फारसं बिघडत नाही. ३ फुटांची दोरी २६ फुटांपर्यंत ओढली तर बिघडतं.

## टप्पा ५ : चौथा कोपरा आणि दोन कर्ण

‘ब’ पाशी हेच पुन्हा करा. ‘ब’ पासून ‘अ’ च्या दिशेने २१ फुटांवर खुंटी, मग २८ आणि ३५ चा मेळ, आणि ‘क’ कोपरा मिळाला. ‘ड’ पासून ३६ फूट मोजून अंदाजाने ‘क’ ठोकू नका. तसं केलं तर पुढची तपासणी स्वतंत्र राहत नाही.

आता मोजा :

- ‘क’ ते ‘ड’ ३६ फूट आहे का?
- ‘अ’ ते ‘क’ आणि ‘ब’ ते ‘ड’ दोन्ही कर्ण ४५ फूट ७ इंच २ सूत आहेत का? (२८ चा वर्ग ७८४, ३६ चा १२९६, बेरीज २०८०, तिचं वर्गमूळ ४५.६०७.)

इथे दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत. पहिला : समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या म्हणजे झालं. नाही झालं, तो समांतरभुज चौकोन असू शकतो. दुसरा, जास्त चिवट : कर्ण सारखे आले म्हणजे झालं. तेही पुरेसं नाही. ‘क-ड’ बाजू सहा इंच आखूड आणि दोन्हीकडून सारखीच आत आलेली असेल तरी कर्ण सारखेच येतात, फक्त घर मागे निमुळतं होतं. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्ण सारखे, दोन्ही हवंच.

कर्णांत फरक आला तर काय? घाबरून चारही खुंट्या उपटू नका. ‘अ’ आणि ‘ब’ ला हात लावायचा नाही. ‘अ-क’ कर्ण ३ इंच मोठा आला, याचा अर्थ मागची बाजू उजवीकडे सरकली आहे. ‘क’ आणि ‘ड’ दोन्ही एकत्र डावीकडे सरकवा. किती? लोक फरकाच्या निम्मं, म्हणजे दीड इंच सरकवतात आणि मग परत परत मोजत बसतात. हिशेब असा आहे : फरक × कर्ण ÷ (२ × ज्या बाजूला समांतर सरकवतोय ती बाजू). इथे ३ × ४५.६ ÷ ७२, म्हणजे १.९ इंच. दोन इंचांना जरा कमी. सरकवल्यावर २८ फुटांच्या दोन्ही बाजू पुन्हा मोजा.

तपासणी : कर्णांतला फरक दोन सूतांच्या आत आला की थांबा. त्याच्या मागे लागून काही मिळत नाही, खोदकामातच त्याहून जास्त इकडेतिकडे होतं.

## टप्पा ६ : दोऱ्या बाहेर न्या, मग समांतर रेषा टाका

खोदकाम सुरू झालं की कोपऱ्याच्या खुंट्या पहिल्या जातात. म्हणून प्रत्येक दोरी कोपऱ्याच्या पलीकडे चार-पाच फूट वाढवा आणि तिथे विटांच्या बुर्ज्या (छोटे खांब) बांधा. वर सिमेंटचा गिलावा, त्यात खिळा किंवा कोरलेली रेघ. दोरी पुन्हा बांधली की कोपरा जिथे दोन दोऱ्या छेदतात तिथे आपोआप मिळतो.

बुर्जीवर रेघ बाहेरच्या भिंतीची आहे की कॉलमच्या मध्याची, हे तिथेच रंगाने लिहून ठेवा. नकाशात बहुधा मध्य ते मध्य मापं असतात. एका बुर्जीवर मध्य आणि समोरच्या बुर्जीवर बाहेरचा काठ, असा गोंधळ झाला की कॉलमच्या अर्ध्या रुंदीइतकी रेषा तिरकी होते आणि ते कुणाला वीट लागेपर्यंत कळत नाही.

कॉलमच्या मधल्या रेषा टाकताना साखळी मापं घेऊ नका. १२ फूट, मग तिथून १२, मग तिथून १२, असं केलं की प्रत्येक वेळची चूक पुढच्यात मिसळते. टेप ‘अ’ वर धरून एकाच ताणात ०, १२, २४, ३६ अशा खुणा करा.

रेषा समांतर आहे हे दोन्ही टोकांना लंब अंतर सारखं आल्यावरच म्हणायचं. मध्यावर एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. आणखी एक तपासणी फुकटात मिळते : दोन समांतर रेषांना छेदणारी दोरी एकीशी काटकोन करत असेल तर दुसरीशीही करणारच, कारण संगत कोन समान असतात. म्हणून आडव्या दोरीचा काटकोन पहिल्या रेषेपाशी साधा आणि शेवटच्या रेषेपाशी तपासा. तिथे तो बिघडलेला दिसला, तर काटकोन नाही, समांतरपणा चुकला आहे. छेदनबिंदूवरचे चारही कोन तपासण्यात मात्र वेळ घालवू नका. एक ९० अंशांचा असला की त्याच्या समोरचा विरुद्ध कोन आणि लगतचे दोन, सगळेच ९० अंशांचे.

एवढं झाल्यावरच फक्की.

## टप्पा ७ : ढाळाचा हिशेब

ढाळ म्हणजे पातळीतला फरक भागिले आडवं अंतर. शाळेत रेषेचा चढ काढायचो ते हेच. जागेवर तो ‘फुटाला किती सूत’ असा सांगितला की सगळ्यांना कळतो :

- फुटाला १ सूत : १:९६, म्हणजे जवळपास १ टक्का. गच्चीला चालतो.
- फुटाला दीड सूत : १:६४. न्हाणीघराला.
- फुटाला २ सूत, म्हणजे पाव इंच : १:४८. सांडपाण्याच्या चार इंची पाइपाला.
- फुटाला १ इंच : १:१२. व्हीलचेअरच्या रॅम्पला यापेक्षा तीव्र चढ नको.

अंश आणि टक्के यांची गल्लत करू नका. १ टक्का ढाळ म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, ९० नव्हे. कोन दुप्पट केला की ढाळ दुप्पट होतो असंही नाही : ३० अंशांना ५८ टक्के, ६० अंशांना १७३ टक्के.

एवढा बारीक ढाळ पाणसळीवर वाचता येत नाही, बुडबुडा ‘जरासा’ सरकतो एवढंच दिसतं. त्यावर एक युक्ती आहे. दोन फुटी पाणसळीच्या एका टोकाखाली दोन सूत जाडीचा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा चिकटवा. हे टोक उताराच्या खालच्या बाजूला ठेवायचं. बुडबुडा मध्यावर आला की फुटाला १ सूत ढाळ मिळाला. न्हाणीघरासाठी तुकडा तीन सुतांचा.

## टप्पा ८ : न्हाणीघर, पाइप, गच्ची

न्हाणीघर. इथे जवळजवळ सगळीकडे क्रम उलटा असतो. प्लंबर नहाणी ट्रॅप (पाणी जाण्याचं जाळीचं तोंड) आधी बसवून मोकळा होतो, टाइलवाला नंतर येतो, आणि मग ढाळ द्यायचा तर दाराशी फरशी उंबऱ्याच्या वर जाते. सुरुवात दारापासून करा. बाहेरच्या फरशीची पातळी, तिच्यापेक्षा न्हाणीघराची दाराशी किती खाली, तिथून ट्रॅपपर्यंत किती फूट. ५ × ८ च्या न्हाणीघरात ट्रॅप ८ फुटांवर असेल तर १२ सूत, म्हणजे दीड इंच. ट्रॅपची जाळी दाराच्या फरशीहून दीड इंच खाली. हा आकडा प्लंबरला आधी द्या.

२ × २ च्या मोठ्या टाइल्स घेतल्या असतील तर ट्रॅपकडे चारही बाजूंनी खोलगट ढाळ देता येत नाही. टाइल सपाट असते, ती वाकत नाही, कोपरे वर येतात आणि पायाला लागतात. मोठ्या टाइलला एकाच दिशेचा सरळ ढाळ द्या आणि ट्रॅप भिंतीलगत घ्या. चहूकडून ढाळ हवा असेल तर १ × १ किंवा त्याहून लहान टाइल.

पाइप. घराच्या मागून रस्त्याच्या चेंबरपर्यंत ४० फूट अंतर असेल तर फुटाला पाव इंचाने १० इंच उतार लागतो. शेवटच्या चेंबरची पातळी आधी नळीने बघा. तिथे १० इंच खाली जायला जागा नसेल तर ते खोदाईआधी कळलं पाहिजे, पाइप गाडल्यावर नाही. पाइपाचा ढाळ नेहमी पाइपाच्या तळाच्या पातळीवरून मोजा.

गच्ची. पाणी जाण्याची तोंडं कुठे आहेत यावर कोब्याची, म्हणजे स्लॅबवर ढाळासाठी टाकलेल्या थराची, जाडी ठरते. आपल्या २८ × ३६ च्या गच्चीला एकाच कोपऱ्यात पाइप ठेवला, तर समोरचा कोपरा ४५.६ फुटांवर पडतो. फुटाला १ सूत धरून ४६ सूत, म्हणजे पावणेसहा इंच भर फक्त ढाळासाठी. त्याऐवजी मधे उंचवटा ठेवून दोन्ही लांब बाजूंना पाइप दिले, तर पाण्याला १४ फूटच जायचं आहे. १४ सूत, पावणेदोन इंच. मधला चार इंचांचा फरक म्हणजे स्लॅबवर कायमचं ओझं आणि सिमेंट-विटांचा खर्च. दोन पाइप जास्त लागतात, तेवढे लावावेत.

दोन्ही दिशांना फुटाला एक-एक सूत दिला तर कर्णावर दोन्हींची बेरीज होते : ३६ आणि २८ मिळून ६४ सूत, म्हणजे पूर्ण ८ इंच. मिस्त्रीला नुसतं ‘दोन्हीकडे ढाळ दे’ सांगितलं की हेच होतं.

रॅम्प. जोतं १८ इंच असेल तर १:१२ ने आडवं अंतर १८ फूट लागतं. लोक ६ फूट ठेवतात. तो १:४ होतो, १४ अंशांचा. स्कूटर चढते, व्हीलचेअर नाही. जागा नसेल तर रॅम्प वळवा, मधे सपाट टप्पा घ्या, पण आजी-आजोबांसाठी म्हणून १:४ बांधू नका.

## टप्पा ९ : पाण्याने तपासणी

न्हाणीघराची तपासणी टाइल्सच्या खालच्या थरावरच करायची, टाइल्स बसल्यावर नाही. दाराशी बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनी कुठे थांबलं ते बघा आणि साचलेल्या पाण्याच्या काठाने खडूने रेघ मारा. रेघेच्या आतली जागा खोल आहे की ट्रॅपकडची बाजू उंच आहे, हे नळीने ठरवा. बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं : ट्रॅपभोवती माल जास्त थापलेला असतो. खोलगट जागा भरत बसण्याआधी तो उंचवटा तासून बघा.

गच्चीवर हेच काम कोबा वाळल्यावर, वरचा फिनिश करायच्या आधी, नळ सोडून करा. तोंडापाशी पाणी अडत असेल तर पाइपाची कडा कोब्याच्या वर राहिली आहे. ती खाली घेतल्याशिवाय कितीही ढाळ दिला तरी पाणी तिथेच उभं राहणार. दुरुस्ती झाली की पुन्हा पाणी सोडा, पुन्हा रेघ मारा. खडूची रेघ मारायला जागाच उरली नाही की टाइलवाल्याला बोलवा.